अभियांत्रिकीची शाखा निवडताना

बारावीचा निकाल लागतो, सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण हाती येतात आणि मग तालुक्याच्या गावांतील संगणक केंद्रांपुढे पालक व विद्यार्थी यांची गर्दी होऊ लागते. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा विकल्प-अर्ज भरावयाचा असतो. या अर्जात महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने नोंदवाव्या लागतात. केंद्रचालक विचारतो, "काका, कोणती शाखा टाकायची?" वडील मुलीकडे पाहतात, मुलगी वडिलांकडे पाहते आणि उत्तर येते, "सध्या जी चालते ती टाका." पुढील चार वर्षांचे शिक्षण, त्यासाठी होणारा खर्च, अनेकदा त्यापायी काढावे लागणारे कर्ज आणि त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी वा व्यवसाय यांचा निर्णय अशा रीतीने एका दुपारी, तिसऱ्याच माणसाच्या हातून होऊन जातो. बैलजोडी घेताना चार बाजार पाहणारा शेतकरी मुलीची शाखा मात्र ऐकीव माहितीवर ठरवितो. यात त्याचा दोष थोडा. ही माहिती त्याच्यापर्यंत पोचविण्यात जे कमी पडले त्यांचा अधिक.

'जी चालते ती' शाखा कोणती, या प्रश्नाचे उत्तर कधीच फार काळ एक राहिलेले नाही. आपल्याकडील तांत्रिक शिक्षणाचा इतिहास चाळला म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानात येते.

मागणीची भरती-ओहोटी

रुडकी येथे १८४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते गंगेच्या कालव्याच्या कामासाठी माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्यास लागणारे दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी. पुढे याच वर्गातून पुण्याचे सुप्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. त्या काळी अभियंता म्हणजे रस्ते, पूल, धरणे व कालवे बांधणारा, असे समीकरणच होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याहून परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झाले. खडकवासला धरणावर १९०३ साली बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे ही त्या परंपरेतीलच कामगिरी होय.

मुंबईत गिरण्यांचा धंदा भरभराटीस आला तेव्हा १८८७ साली माटुंग्याच्या आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेचा पाया घातला गेला. कापड व यंत्रे हे तिचे पहिले विषय होते. कापडावरील रंगप्रक्रिया आणि रासायनिक उद्योग वाढू लागल्यावर मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला. शाखा या अशा रीतीने उद्योगांच्या मागोमाग जन्माला येत गेल्या.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांमुळे अभियंत्यांची मागणी झपाट्याने वाढली. पवई येथे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. नागपूर, औरंगाबाद व कराड येथे १९६० साली, तर अमरावतीस १९६४ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. यंत्र व विद्युत या शाखांना त्या दशकाच्या प्रारंभी मोठा मान होता. परंतु १९६५ चे युद्ध, लागोपाठ दोन वर्षांचे अवर्षण आणि त्यापाठोपाठ १९६६ ते १९६९ अशी पडलेली योजनांची सुट्टी यांमुळे कारखान्यांच्या मागण्या घटल्या. मागणी शिगेला असताना ज्यांनी प्रवेश घेतला होता त्यांपैकी अनेकजण पदवी हाती पडली तेव्हा बेकार अभियंत्यांच्या यादीत जाऊन बसले. अभ्यासात ते कोठे कमी पडले नव्हते. प्रवेशाचे वर्ष आणि पदवीचे वर्ष यांच्यामध्ये काळ पालटला होता, एवढेच.

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा अनेक पटींनी वाढल्या. त्या दशकात अणुविद्युत शाखेकडे ओढा होता. नव्वदच्या दशकाअखेर संगणक व माहिती तंत्रज्ञान यांची लाट आली. २००१ च्या सुमारास अमेरिकेतील संकेतस्थळांच्या कंपन्या कोसळल्या तेव्हा ती ओसरली, काही वर्षांत पुन्हा चढली, २००८ च्या जागतिक मंदीत पुन्हा खाली आली आणि परत वर गेली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ या वर्षापासून सुस्थापित महाविद्यालयांतील एका शाखेच्या जागांवरील कमाल मर्यादा उठविली आणि संगणक शाखेच्या जागा वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला. गंमत अशी की, याच सुमारास, म्हणजे २०२३ व २०२४ या वर्षांत, माहिती तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्यांनी नवपदवीधरांच्या भरतीचा हात आखडता घेतला होता.

यावरून संगणक शाखा घेऊ नये असा अर्थ कोणी काढू नये. बँक, रुग्णालय, कारखाना, शेती यांपैकी एकही क्षेत्र आता संगणकावाचून चालत नाही आणि पुढेही चालणार नाही. सांगावयाचे ते इतकेच की, आजची मागणी आज कळते. चार वर्षांनंतरची कोणालाच कळत नाही. जी गोष्ट कळत नाही तिच्यावर सगळा निर्णय टांगून ठेवण्यापेक्षा जी कळू शकते, म्हणजे विद्यार्थ्याची आवड, त्याची कुवत आणि त्या शाखेत प्रत्यक्ष शिकावे काय लागते, तिचा विचार आधी होणे इष्ट आहे.

कोयना : एक काम, अनेक शाखा

शाखांमधील फरक व्याख्यांनी समजत नाही. एखादे मोठे काम डोळ्यांसमोर आणले म्हणजे तो चटकन समजतो. त्यासाठी कोयना प्रकल्पासारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

कोयना नदी मुळात पूर्वेकडे जाऊन कऱ्हाडला कृष्णेस मिळते. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिचे पाणी अडविण्यात आले आणि सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खोदून ते पश्चिमेस, कोकणाच्या बाजूला, पोफळी येथील भूमिगत वीजगृहात सोडण्यात आले. हे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते. धरणाचा पाया कोणत्या खडकावर घ्यावा, भिंतीवर पाण्याचा दाब किती येईल, बोगद्याच्या छताला आधार कोठे द्यावा, हे ठरविणे स्थापत्य अभियंत्याचे काम. वेगाने येणाऱ्या त्या पाण्याचा झोत चक्राच्या वाट्यांवर आदळून चक्र फिरावे, त्याचा दांडा थरथरू नये, झडपा वेळेवर मिटाव्यात, हे पाहणे यंत्र अभियंत्याचे. चक्राला जोडलेल्या जनित्रातून वीज निर्माण करून, तिचा दाब वाढवून, शेकडो मैल दूरच्या गावाशहरांपर्यंत कमीत कमी गळतीने पोचविणे विद्युत अभियंत्याचे. वीजवापर वाढला की चक्राचा वेग किंचित घटू पाहतो. तो क्षणार्धात ओळखून पाण्याचा झोत वाढविणारी नियंत्रणे ही अणुविद्युत व उपकरणीकरण या शाखांची कामगिरी. कोणत्या क्षणी कोणत्या केंद्राने किती वीज द्यावी याचे नियोजन नवी मुंबईत ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्रातून होते आणि त्यासाठी लागणारी आज्ञावली व तिची सुरक्षितता ही संगणक अभियंत्यांची जबाबदारी होय.

या प्रकल्पाची स्थापित क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. पैकी १,००० मेगावॅट एकट्या चौथ्या टप्प्याचे. त्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जो प्रयोग झाला तो प्रत्येक होतकरू अभियंत्याने समजून घ्यावा असा आहे. धरण रिकामे न करता, तळ्याच्या तळाखालून बोगदा जवळजवळ पाण्यापर्यंत नेण्यात आला आणि मध्ये राखलेला अखेरचा खडक सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेण्यात आले. खडकाचा थर किती जाड ठेवावा, सुरुंगाचा धक्का किती बसेल, उडालेले दगड कोठे साठवावेत याचे गणित आधी कागदावर अचूक मांडावे लागले; कारण हे काम दुसऱ्यांदा करून पाहण्याची सोय नव्हती.

याच धरणाने अभियंत्यांना एक कठोर धडाही दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. भिंत उभी राहिली. पुढे तिला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. अभियंत्याचे गणित चुकले तर त्याची किंमत प्रश्नपत्रिकेतील गुणांनी चुकती होत नाही, ही जाणीव ज्याला होते त्याला अभियांत्रिकीचे मर्म कळू लागले असे समजावे.

विद्यार्थ्याने हे सारे चित्र पाहून स्वतःला विचारावे : यांपैकी कोणत्या जागी उभे राहणे आपल्याला आवडेल? बोगद्याच्या तोंडाशी, चक्राच्या दांड्याजवळ, नियंत्रण-कक्षात, की पडद्यासमोर? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शाखेच्या बऱ्याच जवळ नेऊन सोडते.

शिकावे काय लागते?

पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक शाखांना जवळजवळ सारखेच असतात. गणित, भौतिकी, रसायन, अभियांत्रिकी आलेखन, यामिकी, विद्युत व संगणक यांची तोंडओळख. खरी वाट दुसऱ्या वर्षापासून फुटते आणि पुष्कळांचा भ्रमनिरास होतो तोही तेथेच.

संगणक शाखेविषयी गैरसमज सर्वांत अधिक. मोबाइल सफाईने हाताळता येणे आणि संगणक अभियांत्रिकी आवडणे यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. या शाखेत विविक्त गणित, विदेची रचना, रीतींचे विश्लेषण, कार्यप्रणाली, संगणक-जाळे असे विषय असतात. तासन्‌तास एका जागी बसून, न सापडणारी चूक शोधण्याची चिकाटी लागते. हे काम ज्याला कोडे सोडविल्यासारखे वाटते त्याने ही शाखा खुशाल घ्यावी. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता, विदा विज्ञान अशा नावांच्या स्वतंत्र शाखा निघाल्या आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग संगणक शाखेचाच असतो. नावावर न भुलता विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. पदवीच्या पातळीवर नाव जितके अरुंद तितकी पुढची वाट अरुंद होण्याचा संभव असतो, हे विसरू नये.

यंत्र अभियांत्रिकीत उष्मागतिकी, द्रवयामिकी, पदार्थांचे बल, यंत्ररचना व उत्पादन-प्रक्रिया यांवर भर असतो. पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील वाहन व सुटे भाग यांचे कारखाने, कोल्हापूरच्या ओतशाळा ही या शाखेची महाराष्ट्रातील कर्मभूमी. बैठ्या कामाची आवड असलेल्याने या शाखेची वाट धरू नये. ज्याने लहानपणी घरातील पाण्याचा पंप उघडून परत जोडला (किंवा जोडता न आल्यामुळे मार खाल्ला) त्याने मात्र तिचा जरूर विचार करावा.

स्थापत्य शाखेत मोजणी, मृदा, जलशास्त्र व संरचना यांचा अभ्यास येतो. काम उन्हातान्हात, अनेकदा गावापासून दूर आणि मजूर, कंत्राटदार, गावकरी अशा सर्वांशी मिळून मिसळून करावयाचे असते. कोकण रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा कठीण खडकातून निघाला. पण गोव्यातील पेडणे बोगद्याच्या मऊ, पाणथळ मातीने अभियंत्यांचा जो कस पाहिला तो कोणत्याही खडकाने पाहिला नाही. खोदलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळत असे. अशा कामात वर्षे घालविण्याची तयारी हवी.

विद्युत शाखा गणिताच्या दृष्टीने कठीण मानली जाते आणि ते खरे आहे. परंतु सौरऊर्जा, कृषिपंप, विजेवर चालणारी वाहने व रेल्वे यांमुळे तिचे क्षेत्र रुंदावत आहे. अणुविद्युत व दूरसंचरण ही तिचीच धाकटी बहीण. संकेतांचे गणित ज्याला रुचते त्याची.

रासायनिक अभियांत्रिकी म्हणजे रसायनशास्त्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतील परीक्षानळीत जे घडते ते हजारो लिटरच्या पात्रात, स्फोट न होता, ठरल्या खर्चात घडवून आणणे हा तिचा विषय. उष्णता व पदार्थ यांचे वहन हे तिचे मुख्य गणित. कार्बनी रसायनाच्या आवडीपोटी या शाखेत आलेला विद्यार्थी म्हणूनच कधीकधी बावरतो. वस्त्रनिर्माण, धातुशास्त्र, खाणकाम, कृषी, अन्नतंत्र या शाखांची महाविद्यालये मोजकी. पण त्या त्या उद्योगाशी घरचा संबंध असेल तर त्यांचा विचार अवश्य करावा.

शासकीय सेवेकडे डोळा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. संघ लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि अणुविद्युत व दूरसंचरण या चारच विषयगटांत होते. संगणक हा त्यांत स्वतंत्र गट नाही.

शाखा म्हणजे बेडी नव्हे

शाखा चुकली तर आयुष्य फुकट गेले, अशी धास्ती पुष्कळ घरांत असते. मोठ्यांची चरित्रे तसे सांगत नाहीत. परम महासंगणकाच्या उभारणीचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर यांनी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि डॉक्टरेट मिळविली ती विद्युत अभियांत्रिकीत. अणुशक्ती आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर हे माटुंग्याच्या संस्थेतून १९६३ साली बाहेर पडलेले यंत्र अभियंते. अवकाश कार्यक्रमास आकार देणारे प्रा. सतीश धवन यांच्या पदव्यांत यंत्र अभियांत्रिकीबरोबर इंग्रजी साहित्याची एम.ए.ही होती. साहित्याच्या पदवीधरांना यात थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा.

पालकांनी मात्र होमी भाभांची गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, या हेतूने घरच्यांनी त्यांना १९२७ साली केंब्रिजला धाडले. मुलाचे मन भौतिकीकडे ओढ घेत होते आणि त्याने ते वडिलांना स्पष्ट कळविले. वडिलांनी अट घातली : अभियांत्रिकीची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग पुढील शिक्षणाचा खर्च करू. मुलाने १९३० साली अट पुरी केली, वडिलांनी शब्द पाळला. घरात दोन मते असताना काय करावे याचा याहून शहाणपणाचा मार्ग सापडणे कठीण.

मुलींच्या बाबतीत 'कारखान्यात मुलीला कसे पाठवावे' हा प्रश्न आजही विचारला जातो आणि मग तिची आवड बाजूला ठेवून 'बसून करण्याची' शाखा तिच्यासाठी ठरविली जाते. भारतातील आरंभीच्या महिला अभियंत्यांपैकी ए. ललिता यांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले आणि अठराव्या वर्षी, पदरात काही महिन्यांची मुलगी असताना, त्यांना वैधव्य आले. वैद्यकीत रात्री-अपरात्री घराबाहेर राहावे लागेल म्हणून त्यांनी ती वाट नाकारली आणि मद्रासच्या गिंडी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी पत्करली. १९४३ साली शिक्षण पूर्ण करून पुढे त्यांनी भाक्रा-नानगलच्या जनित्रांच्या कामात भाग घेतला. ऐंशी वर्षांपूर्वी जे जमले ते आज जमू नये असे काही कारण नाही.

अर्ज भरण्यापूर्वी

महाविद्यालय मोठे की शाखा मोठी, हा वाद दरवर्षी रंगतो. आवड पक्की असेल तर शाखा धरावी. ती पक्की नसेल तर चांगले शिक्षक व चालू प्रयोगशाळा असलेले महाविद्यालय धरावे. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे मानांकन सबंध महाविद्यालयाला नसून एकेका शाखेला मिळते. 'आमचे महाविद्यालय मानांकित आहे' असे सांगितले गेल्यास 'कोणती शाखा, कोणत्या वर्षापर्यंत' हे विचारावे. एकदा प्रत्यक्ष जाऊन प्रयोगशाळेतील यंत्रांवर धूळ आहे की तेलाचे डाग, हे पाहून यावे. धुळीपेक्षा डाग बरे.

खर्चाच्या दृष्टीने काही सवलती ठाऊक असणे आवश्यक आहे. शिक्षणशुल्क माफी योजनेखाली मंजूर जागांच्या ५ टक्के अधिक जागा उपलब्ध असतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्यांना त्या गुणवत्तेनुसार मिळतात. त्यांचे संकेतांक वेगळे असल्याने अर्जात ते स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात आणि नेमके हेच घाईत राहून जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा.

दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याचा मार्गही खुला आहे. यंत्रावर हात बसलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात अनेकदा उठून दिसतो. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, २०२१-२२ पासून मराठीतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण घेण्याची सोय पिंपरी-चिंचवड येथे सुरू झाली. शाखा मनासारखी न मिळाल्यास अनेक ठिकाणी जादा श्रेयांक मिळवून दुसऱ्या विषयाची जोडपदवी घेता येते. पहिल्या वर्षानंतर शाखाबदलाची संधी मात्र रिकाम्या जागांवर व गुणांवर अवलंबून असते. तिच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

अर्जातील क्रमाविषयी एक भ्रम पक्का रुजला आहे : गेल्या वर्षी जी जागा अमुक गुणांना बंद झाली ती 'मिळण्यासारखी' म्हणून वर लिहावी. हे चूक आहे. यादीत वरून खाली येताना जेथे गुणवत्ता पुरी पडते ती पहिली जागा विद्यार्थ्यास दिली जाते. वरची अवघड जागा न मिळाल्याने खालच्या जागेवरील हक्क कमी होत नाही. उलट न आवडणारी जागा वर लिहिल्यास आवडणारी, मिळू शकणारी जागा खाली राहून हातची जाते. म्हणून क्रम आवडीचाच असावा आणि जेथे जायचेच नाही ते नाव यादीत असू नये.

ही यादी घरी बसून, वहीच्या पानावर, मुलाने वा मुलीने स्वतः लिहावी आणि आईवडिलांना वाचून दाखवावी. केंद्रावर जाताना ते पान बरोबर न्यावे, संकेतशब्द कोणाजवळ सोडू नये आणि अर्ज निश्चित करण्याची कळ दाबण्यापूर्वी पडद्यावरील प्रत्येक संकेतांक पानावरील संकेतांकाशी ताडून पाहावा. निश्चित केलेल्या अर्जाची छापील प्रत प्रवेश पुरा होईपर्यंत जपून ठेवावी.